‘पाऊस’ म्हटलं की छत्रीच का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या बायकांनी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रांगोळीचं एक आव्हान घेतलंय. १६ शब्दांची यादी आधीच मिळाली आहे. दर शनिवारी एक शब्द, त्यावर ठिपक्यांची रांगोळी काढून रात्री नऊच्या आत गटावर फोटो टाकायचा. लहानपणापासून दारात रांगोळी काढते, हात बरा आहे, १५ ते ८ ठिपक्यांची सुद्धा (मधल्या ओळीत १५, वर-खाली एकेक कमी होत ८) न चुकता जमते. पण विषय दिला की डोकं रिकामं होतं. ‘पाऊस’ला छत्री काढली, ‘वाट’ला झाडं आणि नागमोडी रस्ता, दोन्ही इंटरनेटवर शोधून. पावसाच्या वेळी आणखी दोघींची तीच छत्री निघाली आणि ‘छत्र्यांचा सेल लागलाय का?’ असं कुणीतरी लिहिलं. आता शनिवारी तीन-चार तास फोनवर शोधण्यात जातात आणि काढायला लागतो अर्धा तास. मला कल्पनाशक्तीच नाही असं वाटायला लागलंय. पुढे माहेर, गर्दी, फुगडी, शांतता, पंचारती असे शब्द आहेत. मध्येच सोडून द्यावं का?

उत्तर : छत्र्यांचा सेल लागला तो तुमच्यामुळे नव्हे. तिघींनी फोनला एकच प्रश्न विचारला, त्याने तिघींना एकच उत्तर दिलं. ‘पाऊस रांगोळी’ असं टाकलं की त्या शब्दाला आधीच कुणीतरी जोडून ठेवलेली चित्रं पुढे येतात : छत्री, ढग, कागदी होडी, फार तर बेडूक. त्यांतून निवडण्यात तीन तास जातात आणि शेवटी हातात उरते दुसऱ्याची छत्री. यावरून तुम्हाला कल्पनाशक्ती नाही असं काही ठरत नाही. ती वापरायची वेळ येण्याआधीच फोन उघडला जातो, इतकंच.

पण तुमच्या पत्रात याहून मोठी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. विषय म्हणजे चित्र, असं तुम्ही धरून चालला आहात. शब्द आला की त्यातली वस्तू शोधायची आणि ठिपक्यांवर बसवायची. ठिपके या कामाला मुळात वाईट. १५ ते ८ मध्ये १६९ ठिपके असतात. त्यांवर छत्री काढायला जा. दांडा ओळीत येईल, पण मूठ आणि कापडाचा घेर कुठल्याच ठिपक्यावर बसणार नाही. मग तो मनाने काढावा लागतो, आणि ठिपके खाली बिचारे नुसते दिसत राहतात. ठिपक्यांचं खरं बळ दुसरीकडे आहे. एक छोटा नियम घ्यायचा आणि तो सगळीकडे पाळायचा. ‘प्रत्येक ठिपक्याभोवती सहा पाकळ्या’ हा नियम. ‘रेघ ठिपक्याला शिवणार नाही, वळसा घालून जाईल’ हाही नियमच.

म्हणून शब्द आला की ‘हे कसं दिसतं?’ असं न विचारता ‘हे काय करतं?’ असं विचारून पाहा. नामाच्या जागी क्रियापद घ्या. पाऊस पडतो, दाटतो, झिरपतो, तरंग उठवतो, मध्येच थांबतो. यातल्या प्रत्येकाची वेगळी रांगोळी होते आणि एकीतही छत्री लागत नाही.

तरंग घेऊ. ७ ते ४ मांडा : मधल्या ओळीत ७, तिच्या वर आणि खाली ६, ५, ४, प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून. एकूण ३७ ठिपके. आता मधल्या ठिपक्याभोवती, त्याच्या सहा शेजाऱ्यांतून जाणारं पूर्ण वर्तुळ काढा, आत आणखी एक लहान वर्तुळ. मग सहा कोपऱ्यांचे ठिपके घ्या. त्यांना मांडणीत तीनच शेजारी आहेत, म्हणून तिथे वर्तुळाचा तिसरा हिस्साच येतो. ती वर्तुळं पुरी करायची नाहीत. तरंग कडेला तुटतात, म्हणून पाऊस रांगोळीच्या बाहेरही पडतोय असं वाटतं. एवढं झालं की ३१ ठिपके संपतात आणि सहा उरतात. ते सहाही तीन-तीन तरंगांच्या बरोबर मध्ये येतात. त्यांना हात लावू नका, फक्त टपोरे करा. ते अजून न फुटलेले थेंब.

या रांगोळीत एकच गोष्ट हमखास बिघडते : वर्तुळं अंड्यासारखी होतात. कारण हाताचं नसतं, ठिपक्यांचं असतं. ओळी सरकवून ठिपके देताना आपण दोन ठिपक्यांमधलं आणि दोन ओळींमधलं अंतर सारखंच ठेवतो. मग तिरका शेजारी आडव्या शेजाऱ्यापेक्षा लांब पडतो. ओळींमधलं अंतर थोडं कमी हवं. सोपा हिशेब ८ ला ७. कागदावर ग्राफ पेपर घेऊन ठिपके ८ मिलिमीटरवर, ओळी ७ मिलिमीटरवर, सरकवणं ४ मिलिमीटर. जमिनीवर ठिपके ४ सेंटिमीटरवर, ओळी साडेतीनवर. या मापाने ७ ते ४ ची रांगोळी २४ सेंटिमीटर रुंद आणि २१ उंच होते, म्हणजे पाटावर आरामात मावते. गणिताच्या चौकटीच्या वहीत दोन-दोन घरं सोडून ठिपके दिलेत तर ही चूक घडणारच. ती वही सरळ, म्हणजे एकाखाली एक येणाऱ्या, ठिपक्यांसाठी ठेवा.

‘वाट’ होऊन गेली आहे, तरी तिच्याकडे परत जाऊ, कारण तिथून ‘गर्दी’ सुटते. तमिळनाडूत दारात जे कोलम काढतात त्यातल्या एका प्रकारात ठिपके जोडत नाहीत. रेघ त्यांच्या मधून तिरकी जाते, कडेला पोचली की बाहेरच्या ठिपक्याला वळसा घालून परत फिरते आणि निघाली तिथेच येऊन मिळते. या जाळीदार नक्षीमागे शाळेतलं गणित आहे. सरळ ठिपके मांडले, तर ओळींची संख्या आणि एका ओळीतल्या ठिपक्यांची संख्या यांचा मसावि जितका, तितक्या वेगवेगळ्या रेघा लागतात. ४ ओळी आणि ५ ठिपके घेतले तर मसावि १, म्हणून अख्खी नक्षी एकाच न तुटणाऱ्या रेघेची. हीच वाट. झाडं लागत नाहीत, नागमोड आपोआप येते.

आता ६ ओळी, ६ ठिपके घ्या. मसावि ६, म्हणून सहा सुट्या रेघा. त्यातली प्रत्येक उरलेल्या पाचांना प्रत्येकी चार वेळा छेदते आणि एकीतही मिसळत नाही. लोकलच्या डब्यात याहून वेगळं काय होतं? पाच रेघा पांढऱ्या काढा आणि एकच लाल. गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारखी. किंवा सहाही एकाच रंगाच्या ठेवा आणि पाहणाऱ्याला वेगळ्या करू द्या.

काढायची पद्धत अशी : आडव्या किंवा उभ्या शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये पेन्सिलीने बारीक फुली करा. ४ बाय ५ मध्ये अशा ३१ फुल्या येतील, ६ बाय ६ मध्ये ६०. आकडा जुळला नाही तर पुढे जाऊ नका. मग फुल्यांमधून तिरक्या रेघा जोडत जा आणि कडेचे वळसे सर्वांत शेवटी गोल करा. सुरुवातीलाच वळसे काढले की ते लहानमोठे होतात आणि नक्षी एका बाजूला ओढल्यासारखी दिसते. आणि एक ओळ जास्त पडून ४ च्या ५ झाल्या तर मसावि थेट ५ होतो. रेघ मध्येच बंद होते आणि आपलंच कुठेतरी चुकलं म्हणून माणूस तासभर डोकं धरून बसतं. चुकलेलं असतं फक्त मोजणं.

नियमाची ही गोष्ट हौशी कल्पना नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली कोलमच्या नक्ष्यांचं व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. थोडे घटक आणि ते जोडायचे थोडे नियम एवढ्यातून नक्ष्यांची अख्खी कुळं निघतात. दारात बसलेल्या बाईच्या हाताला ते व्याकरण आधीपासून येतच होतं. तुमच्याही हाताला येतं. १५ ते ८ न चुकता काढणाऱ्या व्यक्तीला नियम शिकवायला लागत नाहीत. फक्त तो नियम शब्दाला बांधायचा राहिला आहे.

‘फुगडी’ला मंगळागौरीतल्या दोन बायका काढायचा मोह होईल, आणि त्या गटावर निदान चार जणींच्या येतील. त्याऐवजी फुगडीत काय होतं ते बघा. दोघी आहेत, हात फुलीसारखे गुंतलेत, अंग मागे झुकलंय आणि फिरणं एकाच दिशेला आहे. आपल्या बहुतेक ठिपक्यांच्या रांगोळ्या आरशासारख्या असतात, डावी बाजू उजवीची सावली. अशी नक्षी स्थिर दिसते, देवासमोर शोभते, पण फिरत नाही. फिरायला हवी तर आरसा मोडावा लागतो : प्रत्येक भुजा एकाच बाजूला झुकलेली. ७ ते ४ वरच करून पाहा. मधल्या ठिपक्यापासून सरळ दोन ठिपके बाहेर जा, मग उजवीकडच्या तिरक्या ओळीत वळून एक ठिपका. समोरच्या बाजूलाही नेमकं तेच, पुन्हा उजवीकडेच. दोनच भुजा, फुगडी दोघींची असते. रांगोळी अर्धा फेरा फिरवली तर तशीच दिसली पाहिजे. आरशात धरली तर उलटी. भुजांच्या टोकांना घेराचे चार-पाच पदर दिले की साड्या फुलतात, चेहरे लागतच नाहीत. ‘वारा’, ‘भोवरा’, ‘घुसळण’ असले शब्द यादीत असतील तर तेही याच कुळातले, फक्त भुजा तीन किंवा सहा करा.

इथे हात दगा देतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने दुसरी बाजू आरशासारखीच उतरते आणि फुगडी जागच्या जागी थांबते. एक भुजा ट्रेसिंग पेपरवर काढा, मध्यावर टाचणी लावा आणि कागद फिरवत गिरवा. उलटा करायचा नाही, फक्त फिरवायचा.

‘पंचारती’ने तुम्हाला सर्वांत जास्त छळलं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवते : सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांवर पाच पाकळ्यांचं नेटकं फूल बसत नाही. सरळ ठिपक्यांवर चार बसतात, सरकवलेल्यांवर तीन आणि सहा. पाच कधीच नाही. ही भूमितीची अट आहे, तुमची कमतरता नव्हे. निसर्गाला मात्र पाच फार आवडतात. भेंडी आडवी चिरा, बहुधा पाच कप्पे निघतात. सफरचंद देठाला आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी दिसते. काकडीत तीन भाग असतात, म्हणून ती सहाच्या जाळीवर झकास बसते आणि भेंडी बसत नाही. विळीवर बसल्यावर हे एकदा पाहून ठेवा.

मग पंचारतीचं काय? दोन वाटा आहेत. पहिली ठिपके सोडून वर्तुळावर जायची. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कंपासमध्ये पावणेबारा सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळावर खुणा करत जा. पाचवी खूण पहिल्या जागी येते. (सहासाठी त्रिज्येइतकंच अंतर लागतं, म्हणून तो भाग सगळ्यांना पाठ असतो.) दर वेळी दोन मिलिमीटर चुकलात तर शेवटी सेंटिमीटरभर फट पडते. तेव्हा शेवटची पाकळी लहान-मोठी करून निभावू नका. फटीचा पाचवा हिस्सा अंतरात मिळवून पुन्हा खुणा करा. पण तुमच्या आव्हानात ठिपके सक्तीचे असतील तर दुसरी वाट मला जास्त आवडते : सहाचीच जाळी घ्या, पाच दिशांना ज्योती काढा आणि सहाव्या दिशेला मूठ. पंचारतीला मूठ असतेच की.

‘शांतता’साठी फार सांगायला नको. ९ ते ५ मांडा, ६१ ठिपके. मधले सात जोडा आणि ५४ तसेच सोडा. ते पुसायचे नाहीत, कमळं काढून भरायचे नाहीत, कडेने वेलही नको. हात शिवशिवेल. फोटो टाकल्यावर ‘अर्धीच का?’ असं विचारणारं कुणीतरी निघेल, निघू द्या.

‘माहेर’ अवघड आहे, कारण तो शब्द काही करत नाही, नुसता आत कुठेतरी असतो. अशा भावनेच्या शब्दांना क्रियापद चालत नाही. तिथे जागा शोधावी. त्या घरात रोज डोळ्यांखाली असलेली एखादी नक्षी आठवा. न्हाणीघराच्या खिडकीचे गज, ओटीवरच्या रंगीत सिमेंटच्या लाद्या, देव्हाऱ्याची जाळी, आईच्या ठेवणीतल्या पैठणीचा नारळी काठ. माहेर गोव्यातलं किंवा तळकोकणातलं असेल तर एखाद्या जुन्या देवळाच्या भिंतीवरची कावी. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडून काढलेली लाल-पांढरी नक्षी. तिच्यातली चक्राकार फुलं कंपासची असतात आणि सहाच्या जाळीवर बिनबोभाट उतरतात.

भावाला सांगून फोटो मागवा, हवं तर. पण गिरवायला घेऊ नका. फोटोकडे बघून तीन गोष्टी लिहून काढा : नक्षीतला सर्वांत लहान तुकडा कोणता, तो पुढे कसा जातो (नुसता सरकतो, आरशासारखा उलटतो की फिरतो), आणि दोन तुकड्यांच्या मध्ये काय आहे. मग फोटो मिटवा आणि त्या तीन ओळींवरून ठिपक्यांवर काढा. नारळी काठाचंच घ्या. त्यात नारळाचा आकार एका ओळीत सरकत जातो, आरसा नाही, फिरणं नाही. तो सहा बाजूंनी लावला की सहा कोपऱ्यांवर काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. नारळ कोपऱ्यात वळत नाही. तो प्रश्न सोडवताना जे सुचेल ते तुमचं. सुचणं म्हणतात ते बहुतेक वेळा असं अडचणीच्या कोपऱ्यावर होतं, रिकाम्या कागदासमोर बसून वाट पाहिल्याने होत नाही.

हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच ‘माहेर’ हा शब्द गोड लागेल असं नाही. ज्यांना तो टोचतो त्यांनी गोड रांगोळी काढायची सक्ती नाही. एका ठिकाणी जाणूनबुजून तुटलेली बंद रेघ हीसुद्धा माहेराची रांगोळी आहे, आणि तिचं स्पष्टीकरण गटाला द्यायला कुणी बांधील नाही. शब्द सोडून दिला तरी चालतं.

आता नकलेबद्दल. तुम्ही ते अपराध केल्यासारखं लिहिलं आहे. ठिपक्यांची रांगोळी या वहीतून त्या वहीतच पुढे गेली. शेजारणीकडे बघून, दुपारी बसून उतरवून. नक्कल हा तिचा गुन्हा नसून तिची शाळा आहे. चैत्रांगण आठवा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ते काढतात, त्यातली चिन्हं ५१ सांगतात : झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, कासव, फणी, आरसा, करंडा, आंबा, तुळशीवृंदावन. यादी घराघरात थोडी बदलते, पण कुणी म्हणत नाही की तुझा शंख माझ्यासारखा आहे. चातुर्मासात तर व्रत म्हणून ३३ गोपद्मं काढतात, एकच चिन्ह ३३ वेळा. दर शनिवारी पूर्णपणे नवं काहीतरी हवं, ही अट तुमच्या गटाने घातलेली नाही. ती तुम्ही स्वतःला घातली आहे.

फरक एवढाच धरा. परंपरेतली नक्षी उतरवली तर सांगायची गरज नाही. आज कुणी स्वतः रचून टाकलेली उतरवली तर खाली त्या व्यक्तीचं नाव लिहावं. आणि उतरवताना एक नियम बदलावा, फक्त एक. सरळ ठिपक्यांवरची सरकवलेल्या ठिपक्यांवर घ्या, किंवा मध्य हलवून कोपऱ्यात न्या, किंवा आकाराऐवजी आकारांमधली मोकळी जागा रंगवा. तीन बदल एकदम केलेत तर कशामुळे काय झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी ते वापरता येत नाही.

सोडावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे, पण आहे तसं चालू ठेवावं हेही नाही. तीन तासांचा शोध बंद करा. शुक्रवारी रात्री अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत. शब्दाखाली पाच क्रियापदं लिहा. पहिली दोन सगळ्यांना सुचतात ती असतात, ती खोडा. उरलेल्या तिनांची तीन छोटी रेखाटनं ७ ते ४ वर करा, प्रत्येकी पाच मिनिटं. तिन्ही वाईट निघाली तर त्यातली कमी वाईट निवडा आणि झोपा. शोधायचंच असेल तर रेखाटनानंतर शोधा, आणि तेही नेमकं : ‘पाऊस रांगोळी’ नव्हे, तर ‘तिरक्या रेघांची जाळी’. आणि एखाद्या शनिवारी घरात पाहुणे असतील तर तो शनिवार सोडा. १६ पैकी १३ रांगोळ्या काढल्या म्हणून कुणी मागे लागत नाही. टोमण्याला उत्तर देऊ नका. ज्यांनी लिहिलं त्यांची रांगोळी कशाची होती, हे मात्र मला जाणून घ्यायला आवडेल.

उरलेल्या शनिवारांपैकी निदान पाच-सहा एकाच मांडणीवर काढा. ७ ते ४ किंवा ९ ते ५, दोन्हींतली एक. रोज नवी मांडणी शोधणं हेही एक शोधाशोधीचंच रूप आहे, आणि मांडणी ठरलेली असली की लक्ष नियमावर राहतं. याचा व्यवहारातला फायदाही आहे. जाड कागदावर ८ ला ७ च्या हिशेबाने खुणा करून उदबत्तीने एकदाच भोकं पाडून ठेवा. कागद पाटावर ठेवून वरून रांगोळी भुरभुरली की ३७ ठिपके अर्ध्या मिनिटात बिनचूक पडतात. भोकं फार बारीक पडली तर रांगोळी अडकते. आणि उचलताना कागद सरळ वर उचला, सरकवलात तर ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

दिवस पावसाळी आहेत, तेव्हा रांगोळी दमट होऊन चिमटीतून धार तुटणारच. पांढरी रांगोळी ताटात पसरून, गरम करून आच बंद केलेल्या तव्यावर ते ताट थोडा वेळ ठेवा, गार झाल्यावर चाळा, मगच रंग मिसळा. रंगीत रांगोळी तापवू नका. गेरू लावला असेल तर तो बोटाला लागणार नाही इतका सुकू द्या. ओलसर गेरूवर ठिपका पसरतो आणि पांढरा रंग गुलाबी होतो. फरशीच ओली असेल तर त्या शनिवारी पेन आणि ग्राफ पेपर घ्या, फोटोला कागदावरचीही रांगोळी चालेल का, हे गटाला आधीच विचारून ठेवा.

आणि फोटो स्टुलावर उभं राहून बरोबर वरून घ्या. उभ्याउभ्या तिरका घेतलात तर इतकं मोजून जमवलेली वर्तुळं फोटोत पुन्हा अंड्यासारखी दिसतील.